माणसाच्या अंतराळप्रवासाचा खर्च सरकारने करावा का? : वाचकांचे प्रश्न

भारतीय अंतराळवीरांना स्वतःच्या अग्निबाणाने वर नेण्याच्या गगनयान मोहिमेविषयी गेल्या काही अंकांत जे लिहिले, त्यावर वाचकांची बरीच पत्रे आली. बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : माणसाला अंतराळात पाठवण्यासाठी, आणि पुढे चंद्रावर किंवा मंगळावर वस्ती करण्यासाठी, सरकारी तिजोरीतला पैसा खर्च व्हावा का? त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो. माणसाच्या अंतराळप्रवासाला सरकारने मोजका पैसा जरूर द्यावा, मात्र तो रोजच्या उपयोगाच्या उपग्रहांच्या वाट्यातून काढू नये. परग्रहावरच्या वस्तीसाठी आजच्या घडीला काहीही देऊ नये. त्या वस्तीच्या आड येणारे जे शास्त्रीय प्रश्न आहेत, त्यांच्या संशोधनाला मात्र द्यावे.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातील एका गावात माध्यमिक शाळेत शिकवते. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो. चांद्रयान-३ उतरले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी नववीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, एवढा पैसा आहे तर आपल्या नळाला पाणी का नाही?" मला उत्तर देता आले नाही. तुम्ही काय उत्तर दिले असते? (एक शिक्षिका, लातूर जिल्हा)

उत्तर : बाई, तुमच्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न रास्त आहे. ज्या जिल्ह्याने २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी पाहिले, तिथल्या मुलीने तो विचारला नसता तरच नवल. जगात तो याआधीही विचारला गेला आहे. जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ ॲबरनॅथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना सोबत घेऊन फ्लोरिडातील प्रक्षेपण केंद्रापाशी गेले होते. नासाचे तेव्हाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना बाहेर येऊन भेटले. उद्या कळ न दाबल्याने तुमचे प्रश्न सुटणार असतील तर आम्ही ती दाबणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. हे उत्तर प्रामाणिक होते, पण मला ते पुरेसे वाटत नाही, कारण त्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या केंद्रीय खर्चापैकी चार टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या नासाकडे जात होता. एवढा मोठा वाटा घेणाऱ्याला गरिबांनी जाब विचारणे स्वाभाविक होते.

आपल्याकडचे प्रमाण वेगळे आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अंतराळ विभागाला सुमारे १३,४१६ कोटी रुपये मिळाले आणि एकूण अर्थसंकल्प ५० लाख कोटींच्या थोडा वर होता. म्हणजे केंद्राच्या शंभर रुपयांतले साधारण सव्वीस पैसे अंतराळाला गेले, आणि त्या सव्वीस पैशांत हवामानाचे, दळणवळणाचे, पीकपाहणीचे उपग्रह, चांद्रयाने आणि गगनयान असे सगळेच येते. त्याच वर्षी नळाने पाणी देण्यासाठी असलेल्या जलजीवन मिशनला ६७,००० कोटी रुपयांची तरतूद होती.

तुम्ही वर्गात सांगावी अशी खरी गोष्ट मात्र त्याच्या आदल्या वर्षीची आहे. २०२४-२५ साठी जलजीवन मिशनला सुरुवातीला ७०,१६३ कोटी रुपये दिले होते. वर्षअखेरीच्या सुधारित अंदाजात तो आकडा २२,६९४ कोटींवर आला. अर्थसंकल्पात मंजूर झालेले सुमारे ४७,००० कोटी रुपये त्या वर्षी नळापर्यंत पोहोचलेच नाहीत. गगनयानाचा आणि नियोजित अंतराळस्थानकाच्या पहिल्या भागाचा मिळून अनेक वर्षांत विभागलेला सगळा मंजूर खर्च २०,१९३ कोटी आहे. न पोहोचलेली रक्कम त्याच्या दुपटीहून जास्त भरते. तेव्हा त्या मुलीला सांगा की तिच्या नळाचे पाणी गगनयानाने अडवलेले नाही, आणि ते कोणी अडवले हा प्रश्न तिने ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत विचारलाच पाहिजे.

तरीही सव्वीस पैसे म्हणजे काहीच नाही, असे मी म्हणणार नाही. त्या पैशांत अनेक गावांच्या योजना पुऱ्या होतील. म्हणून प्रमाण लहान आहे एवढ्या एका कारणावर हा खर्च समर्थनीय ठरत नाही. तो कशासाठी होतो, हे पटवून द्यावेच लागते. त्याकडे पुढच्या पत्राच्या निमित्ताने वळतो.

प्रश्न : विक्रम साराभाईंनी स्वतःच सांगितले होते की चंद्र, ग्रह किंवा माणसाची अंतराळ उड्डाणे यांत श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याची कल्पना आपण बाळगत नाही. त्यांच्या त्या शहाणपणाचे काय झाले? यंत्रे स्वस्तात आणि जिवाला धोका न पत्करता हेच काम करत असताना माणूस पाठवायचा कशाला? (एक निवृत्त अभियंता, नाशिक)

उत्तर : साराभाईंचे विधान आपण अचूक सांगितले आहे. त्याच विधानाच्या पुढच्या भागात ते म्हणतात की माणसाच्या आणि समाजाच्या खऱ्या प्रश्नांसाठी प्रगत तंत्रज्ञान वापरण्यात आपण कोणाच्याही मागे राहता कामा नये. थुंबा येथून पहिला अग्निबाण नोव्हेंबर १९६३ मध्ये उडाला तेव्हा देशाकडे स्वतःचा एकही उपग्रह नव्हता. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उपग्रहाची मदत घेऊन सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले, ते साराभाईंच्याच दृष्टीचे फळ होते. ज्या देशाला अजून हवामानाचा उपग्रह बनवता येत नव्हता त्याने माणूस पाठवण्याच्या मागे लागणे चुकीचेच ठरले असते. पुढच्या पन्नास वर्षांत त्या पहिल्या कामाची घडी बसली. साराभाईंचा क्रम आपण पाळला आहे, आणि तो यापुढेही पाळावा अशी माझी अट आहे.

आता यंत्र आणि माणूस यांच्या तुलनेविषयी. २०२३ मध्ये आपली प्रज्ञान ही बग्गी चंद्रावरच्या एका दिवसात, म्हणजे पृथ्वीवरच्या साधारण चौदा दिवसांपैकी मिळालेल्या वेळात, सुमारे शंभर मीटर चालली. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ चे दोघे अंतराळवीर तीन दिवसांत बग्गीतून सुमारे छत्तीस किलोमीटर फिरले. मंगळावरच्या अमेरिकी ऑपॉर्च्युनिटी या बग्गीला बेचाळीस किलोमीटर कापायला अकरा वर्षे लागली. अपोलोच्या सहा मोहिमांनी चंद्रावरून ३८२ किलो दगड-माती आणली. सोव्हिएत संघाच्या तीन यांत्रिक मोहिमांनी मिळून आणलेले नमुने सुमारे तीनशे ग्रॅम भरले. अपोलो-१७ मधील हॅरिसन श्मिट हे भूशास्त्रज्ञ होते. चालता चालता त्यांच्या नजरेला नारिंगी माती पडली आणि तिथेच थांबून त्यांनी ती उकरली. ही नजर कोणत्याही आज्ञावलीत आधी लिहून ठेवता येत नाही.

असे असूनही, केवळ विज्ञानाच्या तराजूत तोलले तर आपले म्हणणे मला मान्य आहे. चांद्रयान-३ वर सुमारे ६१५ कोटी रुपये खर्च झाले. गगनयानाच्या मंजूर रकमेत तशी तीसहून अधिक याने झाली असती. यंत्रेही सुधारत आहेत. चीनच्या चांग-ई-६ या मानवरहित यानाने २०२४ मध्ये चंद्राच्या मागच्या बाजूवरून जवळजवळ दोन किलो नमुने आणले. गगनयानात तिघे जण पृथ्वीपासून चारशे किलोमीटरवर तीन दिवस फिरून परत यावेत, अशी मूळ योजना आहे. त्या तीन दिवसांत मोठा शोध लागेल असे कोणी सांगत असेल तर ते वाचकांनी मानू नये. माणसाच्या उड्डाणातून घरगुती उपयोगाच्या वस्तू मिळतात, हा नेहमीचा युक्तिवादही मला टिकणारा वाटत नाही. ज्यांचे श्रेय वारंवार अंतराळ मोहिमांना दिले जाते ते टेफ्लॉन आणि वेल्क्रो मुळात अंतराळासाठी शोधलेलेच नव्हते.

मग मी या खर्चाच्या बाजूने का आहे? माणूस नेऊन सुखरूप परत आणण्याची विद्या बाजारात विकत मिळत नाही, हे त्याचे पहिले कारण आहे. आजवर रशिया, अमेरिका आणि चीन या तीनच देशांनी स्वतःच्या अग्निबाणाने माणूस कक्षेत नेला आहे. विद्या मागून मिळत नाही याचा अनुभव आपण क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या, इंजिनाच्या बाबतीत घेतला. १९९१ मध्ये रशियन संस्थेशी करार झाला, अमेरिकेच्या दबावामुळे १९९३ मध्ये तंत्रज्ञान देण्याचा भाग रद्द झाला, आणि स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनावर जीएसएलव्ही या अग्निबाणाचे यशस्वी उड्डाण व्हायला जानेवारी २०१४ उजाडले. ज्या अग्निबाणात माणूस बसणार त्याचा प्रत्येक सांधा, प्रत्येक झडप आणि संगणकाचा प्रत्येक निर्णय वेगळ्या काटेकोरपणाने तपासावा लागतो, आणि एकदा अंगवळणी पडलेला हा काटेकोरपणा त्याच कारखान्यातून निघणाऱ्या पुढच्या प्रत्येक कामात उतरतो. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरला या अग्निबाणांच्या घन इंधनाच्या मोटारींची आवरणे बनतात आणि विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात द्रव इंधनाची 'विकास' नावाची इंजिने जुळवली जातात. तिथल्या कारागिरांच्या हातात जे कौशल्य उतरते ते देशातच राहते.

२०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अमेरिकी कंपनीच्या मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर गेले, त्यासाठी आपण सुमारे साडेपाचशे कोटी रुपये मोजले. त्यांनी तिथे मूग आणि मेथी रुजवून पाहिली, आणि गगनयानासाठी मोलाचा अनुभव घेऊन ते परतले. एका जागेसाठी ही रक्कम एकदा देणे मला योग्य वाटते. दर वेळी असेच तिकीट काढत राहण्यापेक्षा स्वतःची गाडी बांधणे दीर्घकाळात शहाणपणाचे ठरेल.

दुसरे कारण रुपयांत मोजता येत नाही, पण ते लपवून ठेवणेही मला योग्य वाटत नाही. माणसाचे शरीर आणि मन पृथ्वीबाहेर कसे वागते, हे माणूस गेल्याशिवाय कळत नाही, आणि ते जाणून घेण्याची इच्छा समाजाने सरकारमार्फत पूर्ण करावी इतकी मोठी आहे, असे मला मनापासून वाटते. ग्रंथालये, वेधशाळा, पुराणवस्तूंचे उत्खनन यांवरही आपण याच भावनेने सार्वजनिक पैसा खर्च करतो.

प्रश्न : आमचे घर मासेमारीवर चालते. मोबाइलवर मासळी कुठे मिळेल याची सूचना येते, वादळाचा इशाराही येतो. माणूस वर गेल्याने यात काही भर पडणार आहे का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : नाही, थेट भर पडणार नाही. तुम्हाला मिळणारी मासळीची सूचना हैदराबादच्या सागरी माहिती केंद्रात तयार होते. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य उपग्रहांवरून मोजून मासळीचे थवे कोठे असण्याची शक्यता आहे ते ठरवले जाते. यात अंतराळवीराचा काहीही संबंध येत नाही. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन आले तेव्हा वेळेवर मिळालेल्या इशाऱ्यामुळे लाखो लोक आधीच हलवता आले आणि मृतांची संख्या काही डझनांपुरती राहिली. हे मानवरहित उपग्रहांचे, हवामान खात्याचे आणि स्थानिक यंत्रणेचे काम आहे.

म्हणूनच माझी काळजी तुमच्या काळजीशी जुळते. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ हा दिशादर्शक उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही, आणि त्याच वर्षी मे महिन्यात पीएसएलव्ही या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्यातील बिघाडामुळे ईओएस-०९ हा पृथ्वीनिरीक्षक उपग्रह गमावला. अशा वेळी अनुभवी माणसे, चाचणीकेंद्रे आणि पैसा यांवर पहिला हक्क अशा उपग्रहांचा असला पाहिजे. गगनयानाचा हिशेब संसदेत स्वतंत्र मांडला जावा आणि उपयोगाच्या उपग्रहांची तरतूद त्याच्यासाठी कधीही कापली जाऊ नये, ही मागणी किनाऱ्यावरच्या लोकप्रतिनिधींनी करण्यासारखी आहे.

प्रश्न : अमेरिकेतील उद्योजक मंगळावर शहर वसवण्याच्या गोष्टी करत आहेत. पृथ्वीवर संकट आले तर मानवजात वाचावी म्हणून भारत सरकारनेही यात पैसा घालायला नको का? की हे खासगी कंपन्यांवर सोडावे? (पदवीचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : वसाहतीच्या कल्पनेने तरुण मन भारावते, ते मी समजू शकतो. पण आज माणसाला काय करता येते ते आधी पाहू. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी आहे आणि त्या हवेत पंचाण्णव टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. त्या हवेतून प्राणवायू बनवण्याचा पहिला प्रयोग पर्सिव्हरन्स बग्गीवरील मॉक्सी या उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात सोळा वेळा केला आणि तो यशस्वी झाला. सोळा वेळांत मिळून १२२ ग्रॅम प्राणवायू तयार झाला. एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम लागतो, म्हणजे ही सगळी कमाई एका माणसाला साडेतीन तास पुरली असती. मंगळावर जाऊन येण्याच्या केवळ प्रवासात शरीरावर पडणारा किरणोत्सर्ग क्युरिऑसिटी या मंगळबग्गीच्या मोजमापानुसार सुमारे ६६० मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) होतो. नासाने आपल्या अंतराळवीराच्या संपूर्ण कारकिर्दीसाठी ठरवलेली मर्यादा ६०० आहे. जमिनीत परक्लोरेट नावाची क्षारे आहेत, ती माणसाला घातक आहेत.

मंगळ दूरच राहू द्या, बंद पेटीत राहणे आपल्याला पृथ्वीवरही साधलेले नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात बायोस्फिअर-२ नावाची सुमारे तीन एकरांची काचेची बंद वास्तू उभारून त्यात आठ माणसे १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षे राहिली. आत शेती होती, जंगल होते, छोटा समुद्रही होता. हळूहळू हवेतील प्राणवायू २१ टक्क्यांवरून सुमारे साडेचौदा टक्क्यांपर्यंत उतरला, माणसे थकू लागली आणि शेवटी बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. मातीतले सूक्ष्मजीव प्राणवायू वापरत होते, आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड झाडांपर्यंत पोहोचण्याआधीच इमारतीचे काँक्रीट शोषून घेत होते. ही गोष्ट कोणाच्या लक्षातच आली नव्हती. तिथे दार उघडून मदत करता आली. मंगळावर ती पोहोचायला सहा ते नऊ महिने लागतील, आणि प्रक्षेपणाची योग्य वेळ सव्वीस महिन्यांतून एकदा येते.

त्यामुळे वसाहतीवर सरकारी पैसा घालणे म्हणजे पाया खणण्याआधी कळसाची वर्गणी देण्यासारखे आहे. बंद वातावरणात हवा आणि पाणी पुन्हा पुन्हा कसे वापरावे, किरणोत्सर्गापासून शरीर कसे वाचवावे, कमी गुरुत्वाकर्षणात हाडे आणि डोळे कसे टिकतात, या प्रश्नांवर आपल्या विद्यापीठांनी काम करावे आणि त्याला सरकारने सढळ हाताने पैसा द्यावा. पृथ्वीवरच्या संकटाचा मुद्दाही मला पटत नाही. हवामान कितीही बिघडले तरी पृथ्वीवरचे सर्वांत ओसाड वाळवंट मंगळापेक्षा राहण्याजोगे असेल, आणि ते सावरण्याचा खर्च मंगळाच्या खर्चाहून कमीच राहील.

हे सगळे खासगी कंपन्यांवर सोडून सरकारने अंग काढून घ्यावे, असेही मी म्हणणार नाही. ज्या स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीचे नाव मंगळासाठी घेतले जाते, तिला २००६ पासून नासाने मदत दिली आणि २००८ मध्ये अंतराळस्थानकावर सामान नेण्याचे १६० कोटी डॉलरचे कंत्राट दिले. खासगी धाडसाच्या पायातही सार्वजनिक पैसा आहे. १९६७ च्या बाह्य अंतराळ करारानुसार चंद्र किंवा कोणताही ग्रह कुठल्याही देशाच्या मालकीचा होऊ शकत नाही आणि खासगी कंपनी तिथे जे करील त्याची जबाबदारी तिच्या देशाच्या सरकारवर येते. भारतही या कराराने बांधलेला आहे. उद्या चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरील बर्फ कोणी वापरायचे हा वाद उभा राहिला, तर ज्यांना तिथे पोहोचता येते त्यांचेच म्हणणे प्रथम ऐकले जाईल. त्या चर्चेत आपल्या सरकारला जागा हवी, एवढ्यापुरता हा खर्च मला आवश्यक वाटतो.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे आणि तिला अंतराळवीर व्हायचे आहे. कल्पना चावला यांचे काय झाले ते आम्ही विसरलेलो नाही. सरकारने प्रतिष्ठेसाठी माणसांचे जीव धोक्यात घालावेत का? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : ताई, प्रतिष्ठेसाठी मुळीच घालू नयेत. अमेरिकेच्या स्पेस शटल या यानांच्या दोन अपघातांत चौदा जण गेले आणि दोन्ही वेळा धोक्याची जाणीव काही अभियंत्यांना आधी झाली होती. जानेवारी १९८६ मध्ये कडाक्याच्या थंडीत चॅलेंजरचे रबरी सील काम करणार नाही, हे त्यांनी आदल्या रात्री सांगितले होते. २००३ मध्ये, कल्पना चावला ज्यात होत्या त्या कोलंबियाच्या डाव्या पंखावर फोमचा तुकडा आदळलेला दिसल्यावर, कक्षेत असतानाच पंखाची छायाचित्रे घ्या अशी विनंती झाली होती. दोन्ही वेळा वरिष्ठांनी अभियंत्यांचे म्हणणे बाजूला सारले, आणि चॅलेंजरच्या वेळी त्यामागे वेळापत्रकाचा दबाव मोठा होता. म्हणून गगनयानासाठी आधी जाहीर झालेले २०२२ हे साल टळले याचे मला वाईट वाटत नाही. पुढची तारीखही कोणत्या राष्ट्रीय दिवसाला बांधून घेऊ नये, चाचण्या संपल्या की जावे.

धोका पूर्ण जात नाही, पण त्याच्याशी कसे वागायचे हे शिकता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये श्रीहरिकोट्याला गगनयानाच्या बचावयंत्रणेची चाचणी होती. त्यात माणूस नव्हता. उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना संगणकाने गडबड ओळखून उलटी गिनती स्वतःच थांबवली, दोष दूर केला गेला आणि त्याच सकाळी दहा वाजता चाचणी पार पडली. मुलीला तिथे जायचे असेल तर यशाच्या बातम्यांइतकीच अशा थांबलेल्या पाच सेकंदांची माहिती तिने मिळवावी.

बचावयंत्रणा काय करू शकते, याचे उदाहरण आपल्या पहिल्या अंतराळवीराच्या अगदी जवळचे आहे. सप्टेंबर १९८३ मध्ये सोयुझ अग्निबाण प्रक्षेपणतळावरच पेटला. बचावयंत्रणेने व्लादिमीर तितोव्ह आणि गेन्नादी स्त्रेकालोव्ह यांची कुपी वर ओढून काढली, काही सेकंदांत खाली अग्निबाणाचा स्फोट झाला, आणि दोघे सुमारे चार किलोमीटरवर जिवंत उतरले. त्यांतले स्त्रेकालोव्ह सहा महिन्यांनी, ३ एप्रिल १९८४ रोजी, पुन्हा सोयुझमध्ये चढले. त्यांच्यासोबत त्या यानात राकेश शर्मा होते.